फेविकॉल आहे का हो थोडा?

"काकी, फेविकॉल आहे का हो थोडा?"

रात्री साडेदहाला शेजारीण असं विचारत दारात आली की ओळखावं, मंडळाच्या हॉलमधल्या उन्हाळी क्लासचं प्रदर्शन उद्यावर आलंय. पूर्वी आमच्या काळाचौकीच्या चाळीत अशा अवेळी मागायला यायच्या त्या विरजण, आलं, फार तर बाम. आता फेविकॉल.

"आहे. पण लेक कुठाय तुझी?"

"झोपली कधीच."

"मग चिकटवतंय कोण?"

"मी नि तिचे बाबा. आइसक्रीमच्या काड्यांचं घर आहे. छप्पर बसत नाहीये."

बाटली तिच्या हातात दिली असती तर मी कसली काकी? मीच घेऊन गेले. आत बघते तर जमिनीवर पेपर अंथरलेले, बाबा पालथे पडून भिंतींना टेकू देतायत, मोबाइलवर कुणी एक बाई तेच घर पाच मिनिटांत बांधून दाखवत्येय, आणि जिनं बांधायचं ती गालाला हिरवा रंग फासून गाढ झोपलीय. मी काही बोलले नाही. छप्पर धरलं.

दुसऱ्या दिवशी गॅलरीत विषय निघाला तेव्हा कळलं, एकट्या हिच्या घरचा हा प्रकार नव्हता. कोपऱ्यातल्या खोलीतल्या वहिनींनी पेनस्टँड पुरा केला, जिन्याजवळच्या आजोबांनी नातवाच्या वॉल हँगिंगला लोकर गुंडाळली, आणि वरच्या मजल्यावरच्या भाऊजींनी तर बाटलीवर केलेलं नक्षीकाम मुलाला हात लावू न देता स्वतःच वार्निश केलं, का तर बोटांचे ठसे उठतात. पोराच्या प्रदर्शनात पोराच्याच बोटांचे ठसे नकोत! आमच्या गॅलरीत दुपारी चारला मिरच्यांची देठं खुडत बसतो आम्ही. लालबागच्या मसाला गल्लीतून मिरची आणली की मे महिना असाच जातो. त्या दिवशी एका बैठकीत सगळ्यांची कबुली मिळाली. पोलिसांनासुद्धा इतक्या लवकर मिळत नाही.

क्लास तसा चांगला आहे, उगाच नावं ठेवायची नाहीत. सकाळी नऊ ते अकरा, साहित्यासकट. फी किती ते विचारू नका. काहींना पुरी, काहींना अर्धी, आणि खजिनदारांच्या पुतण्याला माफ. हे मी सांगितलं असं कुठे बोलायचं नाही. एक दिवस वारली, एक दिवस क्विलिंग, मग मंडला, ग्लास पेंटिंग, कापडाला गाठी मारून रंगवायचं ते टाय-डाय, आणि शेवटी शाडूचा गणपती. रोज घरी न्यायला एक वस्तू. आयांना वस्तू लागते. पोरगं दोन तास बसलं आणि हात हलवत आलं तर फी वाया गेल्यासारखं वाटतं त्यांना. खरी गोम तिथेच आहे. वस्तू दोन तासांत व्हायला हवी म्हणून कागद आधीच कापलेला, मातीचा साचा आधीच भरलेला, वारली चित्रातला तारपा वाजवणारा माणूस आधीच पेन्सिलीनं काढलेला. पोरांनी फक्त पांढरा रंग भरायचा. मग सगळ्यांच्या घरी एकच तारपावाला, एकाच अंगाला वाकलेला.

सरांना मी विचारलं एकदा. सर म्हणजे तरुण मुलगा आहे, आर्ट टीचरचा डिप्लोमा केलेला, बोलायला गोड. त्यांनी वारलीच्या दिवशी मुलांना डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांची चित्रं दाखवली होती. वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक भिंतीवर बायका काढायच्या. म्हशे पुरुष असून त्या कामाला बसले, कागदावर आले, पुढे जगभर गेले, 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. हे ऐकून आमच्या खालच्या खोलीतला एक पठ्ठ्या म्हणाला, "सर, मग मी पण बायकांचंच काम करतो," आणि त्यानं तारपावाल्याऐवजी धुणं वाळत घालणारी आई काढली. पांढऱ्या त्रिकोणाची आई, वर दोरी, दोरीवर सहा त्रिकोण, म्हणजे शर्ट. मला तेच चित्र आवडलं. त्याच्या आईला नाही आवडलं. "सगळ्यांचं वेगळं आणि ह्याचंच असं," म्हणाली.

तर सरांना विचारलं, "पेन्सिलीनं का काढून देता हो?" ते हसले. "काकी, नाही दिलं तर पालक म्हणतात, सर काही शिकवत नाहीत."

आता सरांचं खरं दुकान वेगळं आहे, तेही सांगते. सकाळी अकराला हॉलमधून सुटले की ते गणपतीच्या कारखान्यात जातात. परळ-लालबागचे कारखाने तुम्हाला माहीत आहेतच. पावसाच्या आधीच बांबू-ताडपत्रीचे मांडव पडतात. कांबळींच्या हातून लालबागचा राजा घडतो, विजय खातूंचा परळचा कारखाना तर ते 2017 साली गेल्यावरही नावानंच ओळखतात. आपल्या गणेश गल्लीत 1977 साली दीनानाथ वेलिंगांनी बावीस फुटांची मूर्ती उभी केली तेव्हापासून उंचीची जी चढाओढ लागली ती काही थांबली नाही. आणि ती उंची काय शाडूत होणार होती? शाडू जड, वाळायला सवड मागतो, जाड थर दिला तर तडकतो. पीओपी साच्यात ओतलं, आत काथ्या घातला, की आतून पोकळ नि हलकी मूर्ती. म्हणून आलं ते. बरं, ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून आता त्यावरून कोर्ट. जानेवारी 2025 मध्ये हायकोर्टानं पीओपीवरची बंदी कडक पाळा म्हणून सांगितलं, आमच्या इथल्या कारखानदारांचे चेहरे उतरले. जूनमध्ये मूर्ती करायला परवानगी मिळाली, पण विसर्जनाचा प्रश्न उरला; जुलैत ठरलं, त्या वर्षी सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच. सरांना हे सगळं तोंडपाठ. त्यांचं पोट आहे ना त्यावर.

तर शाडूच्या दिवशी हॉलमध्ये अशी गर्दी! ज्यांनी वारलीला दांडी मारली तेही आले. हल्ली घरचा गणपती घरच्या पोरानं केलेला असावा अशी हौस आलीय, आणि ती हौस मला मनापासून पटते. पण शाडू काही मोबाइल बघून वळत नाही. नीट मळावा लागतो, ओला फडका लावून ठेवावा लागतो, सोंड जोडताना दोन्हीकडे ओरखडे काढून मातीचंच पाणी लावावं लागतं, नाहीतर वाळली की गळून पडते. आमच्या शेजारणीच्या लेकीची सोंड घरी आणेपर्यंत पडली. पोर रडली नाही, तिनं पडलेली सोंड उजवीकडऐवजी डावीकडे लावली. आई मात्र रडकुंडीला आली. "प्रदर्शनात अशी ठेवायची?" म्हणून तिनं मूर्ती पाणी लावून इतकी गुळगुळीत केली की गणपतीचं तोंडच पुसलं गेलं.

तेव्हा पलीकडून आजी बोलल्या. आजी म्हणजे आमच्या गॅलरीचं सर्वोच्च न्यायालय. मालवणजवळच्या एका गावच्या, लग्न होऊन गिरणगावात आल्या त्याला आता साठाच्या वर वर्षं झाली, पण बोली तशीच.

"आमच्या गावाक गणपतीच्या शाळेत पोरां माती मळूक बसत. शिकवूक कोण नाय, पैसे कोण देय नाय. बघून बघून हात बसता."

कोकणात मूर्तीच्या कारखान्याला शाळाच म्हणतात, तिथे पाट नेऊन द्यायचा. आजींचा भाऊ त्या शाळेत डोळे लिहायचा. पोरं आधी माती मळणार, मग हातपाय वळणार, मग पांढरा हात मारणार, आणि रेखणीचा ब्रश मिळायला कित्येक चतुर्थ्या जाणार. मी म्हटलं, आजी, आत्ताच्या आयांना दोन तासांत डोळे हवेत. आजी म्हणाल्या, "आवशीक डोळे असले तर पोराचे दिसती ना."

सगळ्या गप्प. मिरच्यांची देठं जोरात खुडायला लागल्या.

आता माझं सांगते, कारण "काकी, तुमच्या वेळी असले क्लास होते का?" असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. होते, बाई. पण पोरांचे कमी, आमचे जास्त. कामगार कल्याण मंडळाचं केंद्र होतं. 1953 च्या कायद्यानं ते मंडळ झालं, गिरणीतल्या माणसाच्या पगारातून सहा महिन्यांनी, जून आणि डिसेंबरला, थोडे पैसे कापले जायचे आणि मालकही घालायचा. त्यातून केंद्रं चालायची, शिशुमंदिर, वाचनालय, आणि बायकांसाठी शिवणवर्ग. मी तिथे शिवण शिकले, संपाच्या आधी. आमचे हे तेव्हा गिरणीत, फोल्डिंग खात्यात. "कशाला दुपारचं जातेस, घरात काय कमी आहे," असं सासूबाई म्हणायच्या. मग 18 जानेवारी 1982 उजाडला. दत्ता सामंतांचा संप. अडीच लाख माणूस घरी बसला, आणि घरात काय कमी आहे ते हळूहळू दिसायला लागलं. तेव्हा ह्याच गॅलरीत माझं मशिन चाललं. परकर, झबली, पिशव्या, साडीला फॉल. ज्यांना शिवण येत नव्हतं त्यांनी खानावळी काढल्या, मसाले कुटले, दिवाळीला कंदील केले. तेव्हा कुणी त्याला हस्तकला म्हटलं नाही.

पण पोरांना मात्र मी चित्रकलेला घातलं. मुलगा लहान असताना सुट्टीत चर्नी रोडच्या जवाहर बालभवनात न्यायचे. इथून चालत एल्फिन्स्टन, आता प्रभादेवी म्हणतात, तिथून गाडी. सरकारी जागा, फी अगदी किरकोळ, समोर समुद्र. चित्र, माती, नाच, काय हवं ते. तिथे पोरगं मोठ्या कागदावर मोठ्या ब्रशनं काहीही फासायचं. घरी आणायला ओला, चिखल झालेला कागद. ट्रेनमध्ये लोकांच्या कपड्याला लागेल म्हणून मी तो डोक्यावर धरून उभी. कुणाला दाखवण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि मला वाटतं तेच बरं होतं. आमच्या सासऱ्यांनी जुन्या काळी कापडाच्या ताग्यांवर चिकटवायची मिलची रंगीत तिकिटं आणून ठेवली होती. देव, वाघ, राण्या. मुलगा ती तासन्‌तास बघून काढायचा. आज तो बँकेत आहे. चित्रकार झाला नाही. विचारायच्या आधीच सांगितलं.

कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो, आणि तो बाबा लोक विचारतात: "ह्याचा उपयोग काय?" वरच्या भाऊजींनी सरांना प्रदर्शनात गाठून हेच विचारलं. सर तयारीत होते. एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. शासनाची रेखाकला परीक्षा, कला संचालनालय घेतं. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तर दहावीला सात मार्क, बी ला पाच, सी ला तीन. सात मार्क म्हटल्यावर भाऊजींचा चेहरा असा उजळला की ज्या पोराला बाटलीला हात लावू दिला नव्हता त्याला तिथल्या तिथे म्हणाले, "उद्यापासून सरांकडे जायचं." तेच मार्क नसते तर चित्रकला "टाइमपास". मी मार्कांच्या विरोधात नाही हो, आमच्या भागातल्या पोरांना सात मार्क म्हणजे कधी कधी कॉलेज बदलतं. पण पोराला उन्हाळ्यात रंग द्यायचा तो दहावीसाठी, हे जरा जास्तच लांबचं रिझर्व्हेशन झालं.

आणि सातच मार्कांचं असतं तर त्या हळदणकरांनी 1908 साली मुंबईत चित्रकलेचा क्लास काढला कशाला असता? सावळाराम हळदणकर. नाव नाही आठवणार, पण त्यांचं चित्र तुमच्या आजीच्या घरी कॅलेंडरवर नक्की असणार: साडी नेसलेली मुलगी, एका हातात समई, दुसरा हात ज्योतीला आडवा, बोटांतून उजेड. सगळे रविवर्म्याचं म्हणून सांगतात. रविवर्म्याचं नाही! हळदणकरांचं, आणि तेही जलरंगात. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. आणि ती मुलगी कोण, तर त्यांचीच लेक, गीता. पुढे गीता उपळेकर झाल्या, शंभरी ओलांडून 2018 मध्ये गेल्या. हे मी गॅलरीत सांगितलं तेव्हा कोपऱ्यातल्या वहिनी म्हणाल्या, "म्हणजे घरातल्या घरात मॉडेल!" हो, तसंच. बापानं लेकीला उभं केलं आणि उजेड बघत बसला.

सरांनी ह्या वेळी पोरांना एक सहलही काढली, राणीबागेला. प्राणी बघायला नाही, शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात. 1872 मध्ये उघडलेली वास्तू आहे, आत जिना, खांब, झुंबरं बघून पोरं आधी गप्पच झाली म्हणे. तिथे मातीच्या छोट्या छोट्या बाहुल्या आहेत, त्या काळच्या मुंबईतली माणसं, त्यांचे धंदे, त्यांच्या पगड्या. त्यातल्या कितीतरी जे. जे. कलाशाळेच्या लोकांनी घडवलेल्या. शेजारणीची लेक घरी येऊन म्हणाली, "आई, त्यांच्यापण एका माणसाचं बोट तुटलंय. तरी ठेवलाय कपाटात." आई काही बोलली नाही, पण मला वाटतं लागलं ते. खालच्या खोलीतले एक बाबा आपण होऊन पुढच्या आठवड्यात पोरांची दुसरी तुकडी घेऊन गेले, नेमके बुधवारी. बुधवारी ते बंद असतं. मग पाणघोडा बघायला म्हणून राणीबागेकडे वळले, तर बुधवारी तीही बंद. गेटवर कुल्फी खाऊन परत. पोरांच्या मते ती जास्त चांगली सहल झाली.

आपल्याकडेही म्हणे वस्त्रसंग्रहालय होतंय, इंडिया युनायटेड मिल दोन-तीनच्या जागेत. किती वर्षं ऐकतोय. ते उघडेल तेव्हा माझं मशिन देणार आहे मी त्यांना, घेतलं तर.

आता प्रदर्शन. टेबलं मांडली होती, पांढरे कागद, नावांच्या चिठ्ठ्या, उद्घाटनाला नगरसेवकांची वाट बघून शेवटी खजिनदारांनीच रिबन कापली. पेनस्टँड ओळीनं, सगळे सारखे. आइसक्रीमच्या काड्यांची घरं ओळीनं. त्यात आमचं छप्पर सर्वांत नीट बसलेलं, मी धरलं होतं म्हणून. लोक "वा वा" करत पुढे सरकत होते. गर्दी झाली ती शेवटच्या टेबलाशी. सरांनी तिथे गुपचूप पोरांनी पहिल्या दिवशी काढलेले कागद लावले होते, शिकवण्याच्या आधीचे, मनाला येईल ते. एकीनं चाळीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या काढल्या होत्या, काळ्या, एकाला एक चिकटलेल्या, आणि त्यांच्यामधून मिलची चिमणी. चिमणीतून धूर. "धूर कुठून आला, मिल तर बंद," असं कुणी म्हणालं तर ती म्हणाली, "आजोबांनी सांगितलं यायचा." आणि तो पठ्ठ्या, त्याची वारलीच्या दिवशीची धुणं घालणारी आई पण सरांनी तिथेच लावली होती. त्याच्या आईनं फोटो काढला. आवडलं नव्हतं ना? विचारलं मी. "नाही हो, पण सगळे बघतायत," म्हणाली.

ह्यातून एक भलतंच झालं. बायकांनी सरांना घेरलं. "पोरांचं झालं, आमचा क्लास कधी?" रात्री साडेदहाला फेविकॉल लावून लावून ह्यांचे हात असे बसलेत की आता त्यांना आपलं आपलं काही करायचंय. कुणाला माती, कुणाला जलरंग. कोपऱ्यातल्या वहिनींना ग्लास पेंटिंग. सर म्हणाले, अनंत चतुर्दशीपर्यंत मान वर करायला सवड नाही. नंतर बघू, दिवाळीच्या आधी. वेळ ठरली दुपारी तीन ते पाच, कारण पाचला पाणी येतं. फीवरून घासाघीस सुरू झाली. सरांनी आकडा सांगितला, बायकांनी अर्धा केला, सर म्हणाले साहित्य तुमचं, बायका म्हणाल्या मग आणखी कमी.

इतक्यात आजी काठी टेकत टेबलापर्यंत आल्या, शेजारणीच्या लेकीचा तोंड पुसलेला गणपती हातात घेऊन उलटसुलट बघितला, खाली ठेवला, आणि खजिनदारांना म्हणाल्या, "मी येतंय क्लासाक. पुतण्याक फी माफ, तर माका पण माफ मां?"